रांग नेमकी कोठे आहे?
गर्दीच्या वेळी संथ होणाऱ्या संकेतस्थळांचे निदान

सणाच्या आदल्या दिवशी स्वारगेटच्या बसस्थानकावर उभ्या राहिलेल्या माणसाला 'रांग' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या दिशांना जाणाऱ्या एस.टी. गाड्यांचे हे मोठे ठाणे होय. त्याला लागूनच पीएमपीएमएलच्या शहर बसगाड्यांचे स्थानक आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही येथवर येऊ लागली आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. तेव्हापासूनच्या काळात प्रवासी वाढले, गाड्या वाढल्या आणि तिकिटाची रीतही पालटली. आसनाचे आरक्षण आज खिडकीवर होते, तसेच संकेतस्थळावर आणि मोबाइलवरही होते. यामुळे स्थानकावरील रांगेचा एक मोठा भाग डोळ्यांआड झाला.

डोळ्यांआड झाला, नाहीसा झाला नाही. ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेणे अगत्याचे आहे. घरोघरी हातात मोबाइल घेऊन बसलेले हजारो प्रवासी एकाच क्षणी एकाच गाडीची आसने पाहू लागतात, तेव्हा तीही रांगच असते. फरक इतकाच की स्थानकातील रांग वाहतूक नियंत्रकाला केबिनमधून दिसते, तर ही रांग कोणालाच दिसत नाही. पडद्यावर एक चक्र फिरत राहते आणि काही वेळाने 'सर्व्हर डाऊन आहे' असे म्हणून सर्वजण मोकळे होतात. वस्तुतः 'सर्व्हर डाऊन' हे निदान नव्हे. 'अंगात कणकण आहे' असे रोग्याने सांगावे, तशी ती तक्रार आहे. तक्रारीपासून कारणापर्यंत कसे पोहोचावे, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

संकेतस्थळ दहा सेकंद उशिरा उघडले, तर बिघडले काय, असे कोणास वाटेल. याचे उत्तर ग्रामपंचायतींच्या सदस्यांना अनुभवाने ठाऊक आहे. राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकांसाठी २३ ते ३० डिसेंबर २०२० या काळात नामनिर्देशनपत्रे संगणकीय पद्धतीने दाखल करावयाची होती. मध्यंतरी २५, २६ व २७ डिसेंबर असे तीन दिवस सुट्टीचे आले. साहजिकच उमेदवारांचा सारा भार शेवटच्या दिवसांवर येऊन पडला. इंटरनेटचा अपुरा वेग आणि सर्व्हरच्या अडचणी यांच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने, म्हणजे कागदावर, नामनिर्देशनपत्रे स्वीकारण्यास मान्यता दिली आणि अखेरच्या दिवसाची मुदत सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढविली. कागदाची वाट मोकळी केली नसती, तर कित्येकांचा निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क एका फिरत्या चक्रापाशी अडकला असता.

दुसरे उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल पाहण्यासाठी खुला व्हावयाचा होता. त्या वर्षी महामारीमुळे परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला होता आणि विद्यार्थ्यांची संख्या १५ लाखांहून अधिक होती. ठरलेल्या वेळी साऱ्या राज्याने एकदमच पडद्याकडे धाव घेतली. संकेतस्थळे त्या भाराखाली कोलमडली आणि मुलांना व पालकांना निकालासाठी कित्येक तास ताटकळावे लागले.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक कालमर्यादेत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सेवा संगणकावर आली म्हणून हक्क बदलत नाही. यास्तव संकेतस्थळाची मंदगती ही तंत्रज्ञाची खासगी डोकेदुखी न राहता प्रशासनाचा विषय ठरते.

फलक आणि खिडकी

निदानाच्या आरंभीच एक भेद समजून घ्यावयास हवा. बसस्थानकावर दोन प्रकारची कामे चालतात. गाड्यांच्या वेळा दाखविणारा फलक असतो आणि तिकिटाची खिडकी असते. फलकापुढे पन्नास माणसे उभी राहिली काय अन् पाचशे राहिली काय, फलकास काही फरक पडत नाही. गर्दी वाढलीच, तर तसाच आणखी एक फलक दुसऱ्या दारापाशी लावता येतो. खिडकीचे तसे नाही. तेथे प्रत्येक प्रवाशाचे काम वेगळे आणि प्रत्येक कामानंतर शिल्लक आसनांची संख्या बदललेली. खिडक्या वाढविल्या, तरी साऱ्या खिडक्यांना अखेर एकाच आसनतक्त्याला हात घालावा लागतो. सात क्रमांकाचे आसन दोघांना विकून चालत नाही.

संकेतस्थळावरील प्रत्येक काम या दोहोंपैकी एका जातीचे असते. परीक्षेचा निकाल, योजनेची माहिती, मतदारांची यादी, गाड्यांचे वेळापत्रक ही फलकाची कामे होत. एकदा तयार झालेला मजकूर येथे लाखो लोकांना केवळ दाखवावयाचा असतो. त्याच्या नकला निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर ठेवता येतात. अशा हाताशी ठेवलेल्या नकलेस तंत्रज्ञ 'कॅश' म्हणतात. उलटपक्षी आसनाचे आरक्षण, नामनिर्देशनपत्र, दस्तनोंदणी, फेरफार ही खिडकीची कामे होत. त्यांत नोंद बदलते आणि ती बदलताना इतरांना क्षणभर थोपवावे लागते.

अनेकदा असे घडते की, फलकाचे काम करणारे संकेतस्थळ नकळत खिडकीसारखे बांधलेले असते. कधीच न बदलणारा निकाल प्रत्येक वेळी मूळ माहितीकोठारातून, म्हणजे डेटाबेसमधून, नव्याने शोधून काढला जातो. मग फलकापुढे लागू नये ती रांग लागते. संथ संकेतस्थळाविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, येथील काम फलकाचे आहे की खिडकीचे?

रांगेचे गणित

रांगेला शास्त्र आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेथून या शास्त्राचा पाया घातला गेला. त्याचा मुख्य धडा थोडक्यात असा सांगता येईल.

एका खिडकीवर एका प्रवाशाचे काम उरकण्यास सरासरी १ मिनिट लागते असे समजू. म्हणजे तासाला फार तर ६० प्रवाशांचे काम होईल. प्रवासी अनियमितपणे येतात आणि कोणाचे काम लवकर तर कोणाचे उशिरा होते, हे गृहीत धरून गणित केल्यास पुढील आकडे मिळतात. तासाला ३० प्रवासी आले, तर प्रत्येकाचा, रांगेत येण्यापासून तिकीट हाती पडेपर्यंत, सरासरी २ मिनिटांचा वेळ जातो. ४८ आले, तर ५ मिनिटे. ५४ आले, तर १० मिनिटे. आणि ५७ आले, तर २० मिनिटे. ४८ वरून ५७ म्हणजे गर्दी पाचव्या हिश्शानेही वाढली नाही, प्रतीक्षा मात्र चौपट झाली.

'काल तर सर्व सुरळीत होते, आज एकाएकी काय झाले?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. एकाएकी काहीच झालेले नसते. व्यवस्था आपल्या क्षमतेच्या काठाशी कित्येक दिवस चाललेली असते आणि थोडासा अधिक भार तिला काठावरून खाली लोटतो. म्हणूनच शंभर टक्के क्षमता वापरणारी व्यवस्था काटकसरीची वाटली, तरी ती आजारी व्यवस्था होय. थोडी मोकळीक हा अपव्यय नसून आरोग्याचे लक्षण आहे.

दुसरा नियम अमेरिकन संशोधक जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. आत असलेल्यांची सरासरी संख्या ही येण्याचा वेग आणि आत राहण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. संकेतस्थळावर दर सेकंदाला २०० मागण्या येत असतील आणि प्रत्येकीस अर्धा सेकंद लागत असेल, तर एका वेळी १०० मागण्या आत असतात. काही कारणाने प्रत्येकीस ५ सेकंद लागू लागले, तर त्याच २०० मागण्यांमुळे आतील संख्या १,००० होते. माणसे तेवढीच आली, तरी स्थानक दहापट भरले! गर्दी हे मंदगतीचे कारण असते, तशीच मंदगती हेही गर्दीचे कारण असते, हे यावरून दिसून येईल.

तक्रार नीट ऐकणे

अनुभवी वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी रोग्याला बोलू देतो. संथ संकेतस्थळाबाबतही चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत. मंदगती केव्हापासून आहे? दिवसभर आहे की ठरावीक वेळी? सर्व पानांवर आहे की एकाच पानावर? सर्वांना जाणवते की एखाद्याच तालुक्यातील, एखाद्याच दूरध्वनी सेवेच्या ग्राहकांना?

या प्रश्नांनीच निम्मे काम होते. सर्वच पाने एका तालुक्यापुरती संथ असतील, तर दोष बहुधा वाटेत, म्हणजे जोडणीत आहे. एकच पान साऱ्या राज्यात संथ असेल, तर दोष त्या पानामागील कार्यक्रमात आहे. रोज सकाळी दहा वाजता त्रास होऊन साडेअकराला तो आपोआप थांबत असेल, तर भाराचा प्रश्न आहे. आणि परवा नवी सुधारणा बसविल्यापासूनच त्रास असेल, तर त्या सुधारणेकडे बोट जाते.

येथे सरासरीपासून सावध राहावयास हवे. शंभर मागण्यांपैकी ९० मागण्या अर्ध्या सेकंदात पुऱ्या झाल्या आणि १० मागण्यांना २० सेकंद लागले, तर सरासरी सुमारे अडीच सेकंद येते. अहवालात हा आकडा बरा दिसतो. परंतु अडीच सेकंदांचा अनुभव एकाही माणसाला आलेला नसतो. नव्वद जण समाधानी आहेत आणि दहा जण संतापलेले आहेत. त्यामुळे जाणते तंत्रज्ञ सरासरीपेक्षा शंभरातील पंचाण्णवाव्या किंवा नव्याण्णवाव्या माणसाला किती थांबावे लागले, ते पाहतात. रांगेच्या शेपटाकडे असलेल्या माणसाची दखल घेणे हे लोकसेवेच्या तत्त्वालाही धरूनच आहे.

वेळ कोठे जातो

मग मोजमापाची पायरी येते. एका मागणीचा प्रवास पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीसारखा असतो. गाडी तीन तास उशिरा पोहोचली, एवढे सांगून भागत नाही. ती स्वारगेटहूनच उशिरा निघाली, कात्रजच्या घाटात अडकली, की साताऱ्याच्या स्थानकात थांबून राहिली, हे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते. मागणीचेही तसेच आहे. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंतची वाट, सर्व्हरवरील कार्यक्रम, डेटाबेस, बँकेसारख्या बाहेरच्या संस्थेकडे पाठविलेली विचारणा आणि परतीची वाट असे तिचे थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर येण्याची व निघण्याची वेळ नोंदली गेली पाहिजे. सर्व्हर ठेवीत असलेल्या या नोंदवहीस 'लॉग' म्हणतात. लॉग नसलेली व्यवस्था ही हजेरीपट नसलेल्या शाळेसारखी होय.

याच्या जोडीला चार गोष्टींवर सतत नजर ठेवावी, असे गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितले आहे. मागण्या किती आल्या, उत्तरास किती वेळ लागला, किती मागण्या फसल्या आणि व्यवस्थेतील कोणता भाग काठोकाठ भरला, त्या या चार गोष्टी. हे चार आकडे एका पडद्यावर दिसत राहिले, तर बहुतेक दुखणी अंथरूण धरण्यापूर्वीच कळतात.

मोजमाप न करता उपचार केल्यास काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दिवाळीच्या आठवड्यात एका आरक्षण संकेतस्थळावर रात्री नऊ ते दहा या वेळात तिकीट निघण्यास १८ सेकंद लागू लागले असे समजा. सर्वांचे मत पडते की सर्व्हर लहान पडतो, मोठा घ्यावा. परंतु मोजून पाहता त्या सर्व्हरची जेमतेम ३० टक्के शक्ती वापरात असल्याचे दिसते. यंत्र रिकामे आहे आणि रांग तर लागली आहे! पुढे पाहता कळते की डेटाबेसशी बोलण्यासाठी एकूण १०० जोडण्या आहेत आणि त्या सर्व गुंतलेल्या आहेत. आणखी खोल गेल्यावर उलगडते की त्यांतील ९० जोडण्या काहीच करीत नाहीत, त्या पैसे जमा झाल्याच्या बँकेच्या उत्तराची वाट पाहत थांबल्या आहेत. खिडकीवरचा प्रवासी पिशवीत सुटे पैसे शोधीत आहे आणि मागची सारी रांग खोळंबली आहे, तसाच हा प्रकार.

अशा वेळी दुप्पट सर्व्हर घेतले असते, तर डेटाबेसच्या दारापाशी दुप्पट मागण्या येऊन थडकल्या असत्या आणि रोग बळावला असता. खरा उपाय असा की, आसन काही मिनिटांपुरते राखून ठेवावे, डेटाबेसची जोडणी सोडून द्यावी आणि बँकेचे उत्तर आल्यावर ती पुन्हा घ्यावी. प्रवाशाला बाजूस उभे राहून पैसे मोजू द्यावेत आणि खिडकी मोकळी करावी, असा हा साधा व्यवहार आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कार्यक्रमातील काही ओळी बदलाव्या लागतात.

नेहमी आढळणारी दुखणी

अशी दुखणी अगणित असली, तरी काही पुनःपुन्हा आढळतात. पहिले म्हणजे फुटकळ फेऱ्यांचे. समजा, प्रवाशाने कोल्हापूरच्या गाड्यांची यादी मागितली. कार्यक्रमाने प्रथम ४० गाड्यांची नावे आणली आणि मग प्रत्येक गाडीत आसने किती शिल्लक आहेत, हे विचारण्यासाठी ४० वेळा निरनिराळ्या फेऱ्या मारल्या. एका प्रवाशासाठी ४१ फेऱ्या जाणवत नाहीत. पण सेकंदाला ५०० प्रवासी आले, की त्याच फेऱ्या २०,५०० होतात. चौकशीच्या खिडकीवरील लिपिकाने प्रत्येक गाडीसाठी उठून केबिनमध्ये जावे, त्याऐवजी एकदाच जाऊन पूर्ण तक्ता आणावा, हा त्यावरील उपाय होय.

दुसरे दुखणे सूची नसण्याचे. मतदारयादी अकारविल्हे लावलेली नसेल, तर एक नाव शोधण्यास पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जावे लागते. डेटाबेसमध्येही अशी सूची, म्हणजे 'इंडेक्स', करावी लागते. चाचणीच्या वेळी ५०० नोंदी असतात, तेव्हा तिची उणीव भासत नाही. पन्नास लाख नोंदी जमल्यावर प्रत्येक शोध ओझे होऊन बसतो. संथ शोधांची वेगळी नोंद ठेवण्याची आणि एखादा शोध कोणत्या मार्गाने गेला, हे दाखविण्याची सोय आजच्या बहुतेक डेटाबेसमध्ये असते. ती उघडून पाहणारा माणूस मात्र हवा. सूची सढळ हाताने कराव्यात असेही नव्हे, कारण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर साऱ्या सूची दुरुस्त कराव्या लागतात.

तिसरे दुखणे अवेळी केलेल्या जड कामांचे. महिन्याचा गोषवारा काढणे, जुन्या नोंदी हलविणे, प्रती घेणे ही कामे कोणीतरी सकाळी अकरा वाजता लावून दिलेली असतात आणि त्याच वेळी नागरिकांची गर्दी असते. ऐन गर्दीत फलाट धुण्यास काढण्यासारखे हे होय. ही कामे रात्री लावली, तर पैसाही न खर्चता फरक पडतो.

अधीरता आणि पुन्हा पुन्हा दाबलेली कळ

अदृश्य रांगेत आणखी एक वैगुण्य असते. स्थानकावरील प्रवाशाला आपल्या पुढे किती माणसे आहेत, हे दिसते, म्हणून तो धीर धरतो. मोबाइलपुढील माणसाला काहीच दिसत नाही, म्हणून तो कळ पुन्हा दाबतो, मुलाच्या मोबाइलवरूनही प्रयत्न करतो, शेजाऱ्यालाही सांगतो. एकाच्या चार मागण्या होतात. पहिली मागणी बहुधा आत चालूच असते. पुढच्या तीन तिच्याच मार्गात उभ्या राहतात. क्वचित पैसे दोनदा वळते होतात आणि तिकीट एकदाही मिळत नाही.

भारतीय रेल्वेचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तत्काळ तिकिटांची विक्री वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहा वाजता आणि इतर वर्गांसाठी अकरा वाजता सुरू होते. १३ ऑगस्ट २०१४ रोजी रेल्वेने नवी तिकीटव्यवस्था आणली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० पर्यंत नेण्यात आली. पुढे २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाल्याची नोंद झाली. परंतु क्षमता वाढविणे एवढ्यावर काम थांबले नाही. पहिल्या पाच मिनिटांत आत शिरू पाहणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत मागण्या माणसांच्या नसून स्वयंचलित कार्यक्रमांच्या असतात, असे रेल्वेला आढळून आले. त्यांना ओळखून अडविण्याची यंत्रणा बसविण्यात आली. रांगेतील माणसे मोजण्याइतकेच त्यांतील किती जण खरे प्रवासी आहेत, हे पाहणेही निदानात मोडते.

यावरून तीन उपाय निघतात. रांग दिसू द्यावी, म्हणजे 'आपल्या पुढे इतके जण आहेत, पान बंद करू नये' असा स्पष्ट निरोप पडद्यावर यावा. प्रत्येक मागणीला एकच क्रमांक द्यावा, म्हणजे कळ दहादा दाबली तरी काम एकदाच होईल आणि पैसे एकदाच जातील. आणि क्षमतेपलीकडील माणसांना दाराशी सौजन्याने थांबवावे. सर्वांना आत घेऊन कोणाचेच काम न होण्यापेक्षा काहींना क्षणभर थांबवून सर्वांचे काम क्रमाने होणे केव्हाही श्रेयस्कर.

आधी चाचणी, मग उद्घाटन

ही दुखणी केवळ आपल्याकडचीच आहेत असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी १ ऑक्टोबर २०१३ रोजी मोठे संकेतस्थळ सुरू केले. पहिल्या दिवशी तेथे अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे पुढे उघड झाले. योजनांची माहिती पाहण्याआधीच प्रत्येकाने खाते उघडावे, अशी तेथे रचना होती. फलकाकडे जाण्याची वाट खिडकीतून काढली होती आणि ती खिडकीच तुंबली. दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्यांनी आधी मोजमापाची साधने बसविली आणि मग दोष एकामागून एक काढले. डिसेंबरच्या आरंभी सरासरी ८ सेकंद लागणारे उत्तर १ सेकंदाच्या आत येऊ लागले.

यापासून घ्यावयाचा धडा असा की, लोकांसाठी दार उघडण्यापूर्वी भारचाचणी झाली पाहिजे. अपेक्षित गर्दीइतक्या, शक्य तर तिच्या दुप्पट, कृत्रिम मागण्या सोडून व्यवस्था कोठे वाकते, हे आधीच पाहावे. ही चाचणी ५०० नोंदींवर न घेता खऱ्या संख्येइतक्या नोंदींवर घ्यावी. नवा पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्यावर भार ठेवून पाहतात, मग लाखो लोकांच्या हक्काचा भार पेलणाऱ्या संकेतस्थळास ही कसोटी नको, असे कोण म्हणेल?

उपचार करताना एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे, हेही पथ्य महत्त्वाचे. पाच औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला, हे कळत नाही आणि अपाय झाला, तर तो कशाने, हेही कळत नाही.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

हे सर्व तंत्रज्ञांचे काम, त्यात इतरांनी काय करावे, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. वास्तविक निदानाची पहिली सामग्री लोकांजवळ बसणाऱ्या माणसाकडूनच मिळते. शाळेत अर्ज भरून देणारा शिक्षक, ग्रामपंचायतीचा संगणकचालक आणि तलाठी कार्यालयातील कर्मचारी यांनी एक साधी वही ठेवली, तरी मोठे काम होईल. तीत तारीख आणि अचूक वेळ, कोणते पान, पडद्यावर आलेला नेमका संदेश, किती वेळ थांबावे लागले आणि दुसरे एखादे संकेतस्थळ त्याच वेळी उघडत होते काय, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. 'दिवसभर सर्व्हर बंद' या एका ओळीपेक्षा '११ वाजून १० मिनिटे, शुल्क भरण्याचे पान, ४० सेकंदांनंतर त्रुटी, इतर संकेतस्थळे सुरू' ही ओळ अभियंत्यास शतपटीने उपयोगी पडते. दहा गावांच्या अशा ओळी एकत्र आल्या, की अदृश्य रांग दिसू लागते.

योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांकडेही एक मोठे साधन आहे, ते म्हणजे वेळापत्रक. सर्व जिल्ह्यांना एकच अंतिम दिवस आणि एकच अंतिम तास दिला, की गर्दी आपणच निर्माण केल्यासारखे होते. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे अथवा तालुक्याप्रमाणे दिवस वाटून दिले, सुट्ट्या ध्यानात घेऊन मुदती ठरविल्या आणि मुदतीच्या आत रांगेत आलेल्याचा अर्ज मुदतीतच आला असे मानले, तर यंत्राला हात न लावता भार हलका होतो. याउपर व्यवस्था अडलीच, तर कागदाची वाट कोणी आणि केव्हा मोकळी करावयाची, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. डिसेंबर २०२० मध्ये ती वाट मोकळी झाली, म्हणून उमेदवारांचा हक्क राहिला, हे विसरता येत नाही.

संकेतस्थळाच्या कंत्राटातही या गोष्टींना स्थान हवे. किती लोक एका वेळी येतील, शंभरातील पंचाण्णवाव्या माणसाला जास्तीत जास्त किती सेकंद थांबावे लागेल, चाचणी कोणाच्या समक्ष होईल आणि मोजमापाचे आकडे विभागास रोज दिसतील काय, हे करारात लिहिलेले असेल, तर मागाहून होणारे दोषारोप टळतील. 'संकेतस्थळ उत्तम चालावे' या वाक्याचे मोजमाप होत नाही, आकड्यांचे होते.

संगणकाने लोकांचे हेलपाटे वाचविले, यात संशय नाही. रात्रीच्या मुक्कामाला न येता गावातूनच उतारा मिळतो, आसन मिळते, दाखला मिळतो. परंतु स्थानकावर रांगेत उभा राहणारा प्रवासी निदान विचारू तरी शकत असे आणि रांग वाढली, की एखादा अधिकारी पुढे येऊन आणखी एक खिडकी उघडीत असे. अदृश्य रांगेतील माणसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याची नोंद अधिक काळजीने घ्यावी लागते. यंत्र मोठे करण्यापूर्वी रांग कोठे आहे ते शोधावे, शोधण्यापूर्वी मोजावे आणि मोजताना सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसापासून आरंभ करावा. तंत्रज्ञान उद्या बदलेल. हा क्रम मात्र बदलण्याचे कारण नाही.